हिरव्या स्पाचे पाणी कोणाचे?

कर्जत, लोणावळा, इगतपुरी, महाबळेश्वर या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत रिसॉर्ट आणि त्यांना जोडून स्पा उभे राहिले आहेत. शहरात पैसा कमावून थकलेला माणूस शनिवार-रविवारी तेथे जातो, वाफ घेतो, तेल चोळून घेतो, कोमट पाण्याच्या टबात बसतो आणि सोमवारी ताजातवाना होऊन परततो. अलीकडे या स्पांच्या जाहिरातींत 'पर्यावरणस्नेही' हा शब्द हमखास दिसतो. बांबूची खुर्ची, मातीची पणती, काचेच्या बाटलीतले तेल आणि खोलीत ठेवलेली चिठ्ठी : 'टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.' आमचा या चिठ्ठीला विरोध नाही. टॉवेल पुन्हा वापरलाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की, पृथ्वी वाचविण्याचा हिशेब टॉवेलपाशी सुरू होऊन टॉवेलपाशीच का संपतो?

आमचे काही वाचक म्हणतील, हा श्रीमंतांचा विषय आहे, आपल्या समाजाचा स्पाशी संबंध काय? संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. आपली माणसे स्पामध्ये जातात, पण मागच्या दाराने जातात. टॉवेल धुणारे हात, संडास घासणारे हात, बाग शिंपणारे हात आणि शेवटी सेप्टिक टँक उपसायला उतरणारे हात कोणाचे असतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय रिसॉर्टचा बोअर ज्या जमिनीतून पाणी ओढतो, त्याच जमिनीवर शेजारी वस्तीची आणि आदिवासी पाड्याची विहीर असते. म्हणून स्पा 'हिरवा' आहे की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार जाहिरातवाल्याचा नसून त्या विहिरीवर हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईचा आहे.

'स्पा' हा शब्द बेल्जियममधील स्पा नावाच्या गावावरून आला. तेथील खनिजयुक्त झऱ्यांमुळे ते गाव युरोपभर प्रसिद्ध झाले. २०२१ साली युनेस्कोने सात देशांतील अशा ११ गावांना मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात स्पा आहे, इंग्लंडचे बाथ आहे, जर्मनीचे बाडेन-बाडेन आहे. या गावांचे सगळे वैभव जमिनीतून येणाऱ्या झऱ्यांवर उभे आहे. झरा आटला किंवा नासला की भोवतीच्या संगमरवरी इमारतींना काही अर्थ उरत नाही. आपल्याकडील स्पाचे नेमके उलटे आहे. त्याला झरा लागत नाही, बोअर लागतो. बोअर आटला तर टँकर येतो. त्यामुळे पाणी जपण्याची त्याला धंद्याची गरजच वाटत नाही. पैसा आहे तोवर पाणी आहे, असा हा व्यवहार आहे.

उन्हाच्या पाण्याची कुंडे आपल्याकडेही आहेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे, रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे आहे, तुरळ आहे. देशातील अशा कुंडांमध्ये बिहारमधील राजगीरचे नाव जुने आहे. प्राचीन राजगृहातील त्या गरम झऱ्यांना पाली साहित्यात तपोदा म्हटले आहे. या तपोदाशी विनयपिटकातील एक नियम जोडलेला आहे आणि तो आजच्या स्पाचालकांनी जरूर समजून घ्यावा असा आहे.

मगधाचा राजा बिंबिसार एकदा डोक्यावरून स्नान करण्यासाठी तपोदावर गेला. भिक्खू आधीच तेथे स्नान करीत होते. राजा बाजूला थांबला. भिक्खूंचे स्नान अंधार पडेपर्यंत चालले. राजाचे स्नान होईतो नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्याला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. सकाळी तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी भिक्खूंनाच दोष दिला. आपली मर्यादा ओळखल्याशिवाय भिक्खू स्नान करीत राहिले, हा तो दोष होता. त्यातून अर्ध्या महिन्याच्या आत पुन्हा स्नान करू नये, असा नियम झाला. पण तो नियम आंधळा ठेवला नाही. उन्हाळ्याचे दिवस, आजारपण, अंगमेहनतीचे काम, प्रवास, वादळ-पाऊस असे अपवाद त्याला जोडण्यात आले. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला पाणी आणि ज्याला केवळ चैन आहे त्याला मर्यादा. पाणीवाटपाचे एवढे साधे सूत्र आजच्या जलनीतीच्या जाड कागदपत्रांतही शोधावे लागते.

बुद्धधम्म शरीराच्या सुखाचा शत्रू आहे, असा याचा अर्थ नाही. वैद्य जीवकाने भिक्खूंच्या आरोग्यासाठी विनंती केली तेव्हा तथागतांनी जन्ताघराला, म्हणजे वाफेच्या स्नानगृहाला, परवानगी दिली होती. आमचाही वाफेला, मालिशला किंवा विश्रांतीला विरोध नाही. दिवसभर ओझे वाहणाऱ्या हमालाला मालिशची गरज रिसॉर्टमधल्या पाहुण्यापेक्षा जास्त असते. त्याच विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदेन यांचा संवाद आहे. राणीवशाने आनंदाला ५०० चीवरे दान दिली. एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती देऊ. जुन्या चीवरांची अंथरुणावरची आच्छादने होतील. ती जुनी झाली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग झटकणी आणि शेवटी त्यांच्या चिंध्या चिखलात मिसळून जमीन सारवू. 'टॉवेल पुन्हा वापरा' ही चिठ्ठी छापणाऱ्यांना हा शोध आपला वाटत असेल, तर त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब पाहावा. आनंद चीवराच्या शेवटच्या चिंधीपर्यंत जातो. स्पाचा हिशेबही असाच शेवटच्या थेंबापर्यंत गेला पाहिजे.

तो आता करून पाहू. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यावे, असे प्रमाण शासनाने धरले आहे. स्पामधील एका टबात २५० लिटर पाणी मावते असे धरले, तर एका पाहुण्याचे एका वेळचे स्नान म्हणजे साडेचार माणसांचे दिवसभराचे पिणे, रांधणे, धुणे आणि अंघोळ. मालिशच्या आधीचा शॉवर आणि नंतरचा शॉवर यात धरलेला नाही. टॉवेल-चादरींची धुलाई आणि पोहण्याच्या तलावाची गाळणी उलट्या प्रवाहाने धुण्याचे पाणीही धरलेले नाही. वर हे पाणी तापवायचे आहे. हजार लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढवायला सुमारे ३५ युनिट वीज लागते. हे पदार्थविज्ञानाचे साधे गणित आहे, त्यात मतभेदाला जागा नाही.

आता हे पाणी कोठून येते ते पाहा. शहापूर तालुक्याने मुंबईला भातसा दिला, तानसा दिला, वैतरणा दिली. महानगराची तहान भागविणाऱ्या याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. धो धो पावसाच्या इगतपुरीचीही कथा वेगळी नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याच एप्रिलमध्ये मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यानंतर आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. क्रिकेटच्या मैदानाला जो प्रश्न न्यायालयात विचारला गेला, तो टबाला आणि तलावाला का विचारला जाऊ नये?

येथे मालक म्हणतो, जमीन माझी, बोअर माझा, पाणी माझे. त्याच्या या म्हणण्यामागे १८८२ चा इंग्रजकालीन सुविधाधिकार कायदा उभा आहे. त्या कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांना त्याने काय दिले? या देशात भूमिहीन कोण ठेवले गेले, हे आठवले म्हणजे जमिनीच्या मालकीला पाण्याची मालकी जोडण्यातला अन्याय उघड होतो. पूर्वी पाणवठ्यावर जात उभी राहून अडवीत होती. आता सातबारा उभा राहून अडवतो. हंडा मात्र त्याच घराचा रिकामा राहतो.

पाण्याचा हा लढा आपल्याला नवा नाही. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतले आणि त्यानंतर १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत दहा वर्षे लढावे लागले. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबरच विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

स्पा आणि रिसॉर्टवाल्यांनी वाचलाच पाहिजे असा आणखी एक निकाल आहे. हिमाचल प्रदेशात कुलू-मनाली परिसरात बियास नदीकाठी एका हॉटेल कंपनीने वनजमीन घेतली आणि हॉटेल वाचविण्यासाठी नदीचा प्रवाहच वळविण्याचा उद्योग केला. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च कंपनीवर टाकला. नदी, जंगल, समुद्र, हवा ही जनतेची ठेव आहे, शासन तिचे विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला ती खासगी नफ्यासाठी देऊन टाकता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने भारतीय कायद्यात रुजविले. महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन आणले होते. त्यानंतर २००९ चा भूजल अधिनियम झाला. म्हणजे कायदे आहेत. बोअर मारणारी गाडी रात्री येते आणि तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोणाला तिचा आवाज ऐकू येत नाही, हा रोग वेगळा आहे.

पाणी आत कसे येते हे पाहिले. आता ते बाहेर कसे जाते ते पाहा. स्पाचे सांडपाणी साध्या घराच्या सांडपाण्यासारखे नसते. त्यात तेल असते, साबण असतो, तलावाचे क्लोरीन असते. तेलाचा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही आणि क्लोरीन जंतू मारते. सांडपाणी प्रक्रिया केंद्र तर जंतूंच्याच जिवावर चालते. म्हणून तेल वेगळे काढणारा सापळा आधी बसविला नाही आणि क्लोरीनचे पाणी वेगळे ठेवून निवू दिले नाही, तर लाखो रुपयांचे केंद्र नुसते शोभेचे यंत्र होते. मग ते पाणी ओढ्यात जाते. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती कोणाची, हे गावाची रचना जाणणाऱ्याला विचारावे लागत नाही.

तेलाने भरलेला सेप्टिक टँक लवकर तुंबतो. तुंबला की माणूस शोधला जातो. जून २०१९ मध्ये गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यातील फर्तिकुई गावात एका हॉटेलच्या सेप्टिक टँकमध्ये सात जण गुदमरून मेले. चार सफाईसाठी आलेले आणि तीन हॉटेलचे कामगार. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरविणे गुन्हा ठरविले आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. प्रत्यक्ष ठेवा किंवा ठेकेदारामार्फत ठेवा, कायद्याला फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या बलराम सिंह निकालात ती ३० लाखांवर नेली. तरीही आमचा अनुभव असा की, मृत्यू झाला की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवितो, ठेकेदार फोन बंद करतो आणि पोलीस ठाण्यात 'अपघाती मृत्यू' एवढीच नोंद होते. ज्या आस्थापनेच्या भिंतीवर 'निसर्गाच्या कुशीत' असे लिहिले आहे, तिच्या मागच्या अंगणात एक माणूस विषारी वायूने मरत असेल, तर त्या आस्थापनेला हिरवे म्हणायचे की काळे?

स्पामधील हातांचाही विचार केला पाहिजे. जातिव्यवस्थेने दुसऱ्याच्या शरीराची सेवा करणे, दुसऱ्याचे मळलेले कपडे धुणे, दुसऱ्याची घाण उचलणे ही कामे हलकी ठरविली आणि ती करणारी माणसेही हलकी ठरविली. आज त्याच कामांना 'वेलनेस' असे झकपक नाव मिळाले आणि त्यांचा भाव हजारांत गेला. नाव बदलले, भाव बदलला, पण करणाऱ्याच्या हाती काय आले? दिवसभर तेलात आणि ओल्यात काम करणाऱ्या मुलींच्या हातांची कातडी जाते. बंद वाफेच्या खोलीत क्लोरीनचा वास त्या आठ-दहा तास घेतात, पाहुणा अर्धा तास घेतो. तेलकट टॉवेल यंत्रात गरम वाळवून ढीग करून ठेवले तर ते आपोआप पेट घेऊ शकतात. ही जोखीम लाँड्रीतला कामगार घेतो. भविष्यनिर्वाह निधी, विमा, नेमणूकपत्र यांची विचारणा केली तर उत्तर मिळते की, तू ठेकेदाराचा माणूस. पर्यावरणाच्या व्याख्येत माणसाचे शरीर बसत नसेल, तर ती व्याख्या सोवळ्याचीच नवी आवृत्ती आहे.

तेलाच्या बाटलीमागेही एक जंगल असते. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. हिमालयातील जटामांसी अतिशय धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. चंदनाची अवस्थाही नाजूक आहे. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' असा समज जाहिरातीने करून दिला आहे. उलट आपल्या मातीत होणारे तीळ, करडई, खोबरे यांचे घाण्याचे तेल वापरले, तर जंगलही वाचेल आणि परिसरातील शेतकऱ्याला व घाणेवाल्याला चार पैसेही मिळतील.

कोणी म्हणेल, तुम्ही उद्योगाला विरोध करता, आपल्याच पोरांचा रोजगार बुडवता. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. डोंगराळ तालुक्यात पर्यटन हाच अनेक घरांचा आधार आहे. परंतु पाणी संपले की पहिला बंद होणारा धंदा स्पाच आहे आणि पहिली घरी जाणारी आपली पोरे आहेत. मालक भांडवल उचलून दुसऱ्या डोंगरावर जाईल, विहीर मात्र येथेच कोरडी राहील. रोजगार टिकवायचा असेल तर पाणी टिकविले पाहिजे. आणि हे अशक्य नाही. छतावरचे पावसाचे पाणी साठविणे, सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणे, शॉवरचे पाणी शुद्ध करून बागेला व संडासाला वापरणे, तलाव वापरात नसताना झाकून बाष्पीभवन रोखणे, मैला यंत्राने उपसणे, या सगळ्यांचे तंत्र हाताशी आहे. खर्च आहे, पण तो पाहुण्याच्या एका बिलातून निघणारा आहे.

हे स्वेच्छेने होईल, अशा भ्रमात आपण राहू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. 'हरित', 'पर्यावरणस्नेही' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येणार नाहीत, असा त्यांचा आशय आहे. हे हत्यार आपण वापरले पाहिजे. ज्या गावाच्या हद्दीत स्पा आहे, त्या गावच्या तरुणांनी माहिती अधिकाराचा अर्ज करून चार गोष्टी मागाव्यात. बोअर किती, त्यांना परवानगी कोणाची आणि मीटर आहे काय? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात सांडपाण्याच्या अटी कोणत्या आणि शेवटची तपासणी कधी झाली? सेप्टिक टँक कोण, कशाने उपसतो? गावातील सार्वजनिक विहिरीची उन्हाळ्यातील पातळी रिसॉर्ट येण्यापूर्वी काय होती आणि आज काय आहे? ही माहिती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी आणि ठराव करावा की, उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला त्या दिवसापासून टब आणि तलाव बंद राहतील. गरजेला पाणी आधी, चैनीला नंतर. तपोदाचा नियम हाच होता.

शासनाकडेही आमची मागणी आहे. स्पा व रिसॉर्टच्या परवान्यात पाण्याचे मीटर, तेलाचा सापळा, यंत्राने मैलाउपसा आणि ठेक्यावरच्या प्रत्येक कामगाराची नोंद या अटी घालाव्यात आणि त्या मोडणाऱ्याचा परवाना रद्द करावा. हॉटेलांना हरित मानांकन देणाऱ्या संस्थांनी तपासणीला आल्यावर पुढच्या दालनातील बांबूची खुर्ची जरूर पाहावी, पण नंतर मागच्या दाराने बाहेर पडून शेजारच्या विहिरीत डोकावावे आणि लाँड्रीतल्या बाईचे हात पाहावेत.

महाडला आपण पाण्यासाठी गेलो, ते केवळ तहानेपोटी नव्हे. पाण्यावर माणूस म्हणून सर्वांचा समान हक्क आहे, हे सांगण्यासाठी गेलो. तो हक्क पुढे संविधानात लिहिला गेला. आता तो बोअरच्या मीटरवर आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरविण्याचे काम आपले आहे. येत्या उन्हाळ्याची वाट न पाहता पहिला अर्ज याच महिन्यात टाका. जयभीम!